प्रमाणपत्राचे नेतृत्व आणि जबाबदारीचे नेतृत्व

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे बहुधा दोन गोष्टी लिहिल्या जातात. संस्था उभारणाऱ्यांचे ऋण मानले जाते आणि मोठ्या पदांवर पोचलेल्या माजी विद्यार्थ्यांचा अभिमानाने उल्लेख होतो. दोन्ही उचितच आहे. तथापि संपादक मंडळाची क्षमा मागून आम्ही तिसऱ्याच एका विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडून विद्यापीठापर्यंत पोचलेली अनेक मुले-मुली तेथे गेल्यावर एकाएकी गप्प होतात. येथे सकाळची वंदना घेणारा, भोजन समितीची वही सांभाळणारा, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणारा मुलगा तेथे शेवटच्या बाकावर बसू लागतो. त्याला बोलते करावे म्हणून विद्यापीठे आता 'नेतृत्व विकास' आणि 'व्यक्तिमत्त्व विकास' अशा नावांची शिबिरे भरवतात. या शिबिरांतून नेमके काय घडते आणि काय घडावयास हवे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

विषयाकडे आमचे लक्ष गेले ते एका माजी विद्यार्थिनीमुळे. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. आठ वर्षे ती आपल्या वसतिगृहात राहिली. पदव्युत्तर शिक्षणासाठी ती एका विद्यापीठात गेली आणि तेथील तीन दिवसांच्या नेतृत्व शिबिरासाठी तिची निवड झाली. वेळेचे नियोजन, देहबोली, मुलाखतीस सामोरे कसे जावे, यशस्वी माणसांच्या सवयी असे विषय झाले. शेवटच्या दिवशी मनोगताच्या सत्रात तिने उभे राहून विचारले, की वसतिगृहातील मुलींची शिष्यवृत्ती सात महिने झाली तरी खात्यावर जमा झालेली नाही. याबाबत विद्यार्थ्यांनी कोणाकडे व कसे जावे? त्यावर संयोजकांनी, "हे त्याचे व्यासपीठ नव्हे," असे सांगून तिला खाली बसविले. नंतर टाळ्या झाल्या, सामूहिक छायाचित्र झाले आणि तिला प्रमाणपत्र मिळाले.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती शाळेत आली तेव्हा तिने हे सारे हसत हसत सांगितले. पुढे म्हणाली, "सर, मग मी आपल्या मेसच्या वहीसारखी वही केली." अकरा मुलींची नावे, अर्ज भरल्याची तारीख, अर्ज क्रमांक, थकलेली रक्कम असे रकाने तिने आखले. सर्वांच्या सह्या घेतल्या. समाजकल्याण कार्यालयात जाऊन अर्ज दिला, आवक क्रमांक टाकून पोच घेतली आणि दर सोमवारी दोघीजणींनी जाऊन चौकशी करायची अशी पाळी लावली. पैसे जमा व्हायला आणखी अडीच महिने लागले, पण झाले. ज्या दिवशी तिने पोच घेतली त्या दिवशी तिचे नेतृत्व सिद्ध झाले. त्याचे प्रमाणपत्र मात्र तिला कोणीही दिलेले नाही.

येथे आम्ही शिबिरांची टिंगल करीत आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. चारचौघांत उभे राहताना पाय लटपटतात त्या मुलाला दोन वाक्ये धीटपणे बोलता येणे ही लहान गोष्ट नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेचेच उदाहरण घ्या. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ही तिची चौकट. जेथे कार्यक्रम अधिकारी कळकळीचा असतो तेथे या सात दिवसांत मुले गावाचे सर्वेक्षण करतात, बंधारा घालतात, आपला स्वयंपाक आपण करतात आणि एकमेकांची जात न विचारता एका पंगतीत जेवतात. असे शिबिर आयुष्यभर पुरते. जेथे तसा अधिकारी नसतो तेथे झाडूसह छायाचित्र निघते आणि अहवाल पूर्ण होतो. योजना एकच असते. फरक पडतो तो मुलांच्या हाती खरे काम दिले की नाही यामुळे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस या प्रश्नाची मुळे मागे शोधावीशी वाटतात. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले. तेथील विद्यार्थ्यांना 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविण्यास प्रोत्साहन देण्यात आले. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्या मुलांना अक्षर शिकविण्याबरोबरच मासिक चालविण्याची जबाबदारी देणे, यात बाबासाहेबांच्या शिक्षणविचाराचे मर्म आहे. मासिक चालवावयाचे म्हणजे लेख मागावे लागतात, नाकारावे लागतात, कागदाचा हिशेब ठेवावा लागतो आणि छापून आलेल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. या विद्यार्थी संसदेपुढे १९५० च्या जानेवारीत, देशाचे कायदामंत्री असताना, बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या विधेयकावरून देशभर वादळ उठले होते तो विषय त्यांनी विद्यार्थ्यांसमोर मांडला. 'मुलांचे वय नाही', 'हे त्याचे व्यासपीठ नव्हे' असे त्यांना वाटले नाही. त्याच वर्षी औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले 'युगयात्रा' हे नाटक तेथील विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले. त्या नागसेनवनातून निघालेल्या पिढ्यांनी साहित्यात, शिक्षणात आणि पुढे नामांतराच्या लढ्यात काय केले हे आपण जाणतो. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या त्या दीर्घ काळात सभा घेणारे, पत्रके काढणारे, तुरुंगात जाणारे विद्यार्थी कोणत्याही शिबिरातून निवडलेले नव्हते. वसतिगृहाच्या खोल्यांतून ते घडले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिच्याही कथेत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचे नाव येते.

आणखी एक प्रसंग आपल्या पिढीने विसरू नये असा आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकल्या-सवरलेल्या वर्गाने समाजाकडे पाठ फिरविल्याची वेदना बाबासाहेबांनी बोलून दाखविली. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल रेगे तिचे संचालक होते. पहिल्या तुकडीत अवघे पंधरा विद्यार्थी होते. डिसेंबरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ती शाळा दुसरी तुकडी पाहू शकली नाही. आग्र्याची वेदना आणि मुंबईची ती छोटी शाळा या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. नेतृत्व आपोआप उगवत नाही, ते शिकवावे लागते, हे त्यांना मान्य होते. परंतु समाजापासून तोडून ते शिकविता येत नाही, हेही ते जाणत होते. त्या बंद पडलेल्या शाळेची दुसरी तुकडी अद्याप भरावयाची आहे.

आता आजच्या विद्यापीठांकडे वळू. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका संपल्या. वर्गात अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी प्रतिनिधी ठरू लागला. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, सेवा योजना यांतून प्राचार्यांनी नेमलेले विद्यार्थी त्यात येऊ लागले. या बदलामागे कारण नव्हते असे नाही. निवडणुकांतील पैसा, दमदाटी आणि मारामाऱ्या यांनी पालक हैराण झाले होते. परंतु रोगावरचा हा उपचार रोग्यालाच दुबळा करणारा ठरला. अधिक गुण मिळविणारा मुलगा वाईट प्रतिनिधी असतो असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्याला कोणी निवडलेले नसते, म्हणून त्याला कोणाला उत्तरही द्यावे लागत नाही. ज्याची नेमणूक प्राचार्य करतात, त्याचे तोंड स्वाभाविकपणे प्राचार्यांकडे असते, वर्गाकडे नव्हे.

लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्वीकारल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत, किमान ७५ टक्के उपस्थिती, वयाची मर्यादा असे नियम त्यांत आहेत. म्हणजे निवडणूक बंद न करता तिला शिस्त लावण्याचा मार्ग उपलब्ध होता. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीय प्रतिनिधी विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाने निवडण्याची तरतूद केली. ही तरतूद वाचून आम्हांस मनापासून आनंद झाला होता. २०१९ साली निवडणुका घेण्याचे ठरले, त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग महासाथ आली. कायदा लागू झाल्यावर कित्येक वर्षे ती कलमे कागदावरच राहिली. विद्यार्थ्याला मतदानाचा हक्क द्यावयाचा नाही आणि त्याच वेळी त्याला नेतृत्वाचे धडे मात्र द्यावयाचे, ही विसंगती कोणाच्या लक्षात कशी येत नाही? विहिरीत न उतरविता पोहण्याचे प्रमाणपत्र वाटण्यासारखेच हे आहे.

शिबिरासाठी निवड कशी होते तेही पाहावे. अर्ज संगणकावर भरावयाचा, मुलाखत बहुधा इंग्रजीत, गटचर्चेत जो अधिक बोलेल तो पुढे. यात निवड होते ती घरातून मिळालेल्या आत्मविश्वासाची. आमची मुले गटचर्चेत उशिरा बोलतात. त्यांना समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय असते. जो 'कमवा आणि शिका' योजनेत सकाळी ग्रंथालयात काम करून, वर्गात बसून, रात्री खोलीवर भाकरी भाजतो त्याला तीन दिवस शिबिराला जावयाचे म्हणजे तीन दिवसांची कमाई सोडावी लागते. त्या मुलाला वेळेचे नियोजन शिकविणाऱ्या व्याख्यात्यानेच खरे तर त्याच्याकडून एक तास शिकावा.

नेतृत्व म्हणजे काय, याचे उत्तर आम्हांस व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांआधी आपल्याच परंपरेत सापडते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्मरण करून दिले होते, की भारताला संसदीय कार्यपद्धती अपरिचित नव्हती. भिक्खू संघात आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम होते. विनयपिटकात ज्ञप्ती मांडण्याची रीत आहे, शलाकांनी मत घेण्याची रीत आहे. शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा? लोभ, द्वेष, मोह आणि भय यांमुळे जो एका बाजूला झुकत नाही असा. निवडणूक अधिकाऱ्याची याहून नेटकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. आणि याच विनयात पवारणा आहे. वर्षावास संपताना आश्विन पौर्णिमेला प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करतो, की माझ्यात काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल, त्याची शंका आली असेल तर मला सांगावे. स्वतः तथागतांनीही संघाला अशी विनंती केल्याचा प्रसंग त्रिपिटकात आहे. आपले दोष सांगण्यास जो आपल्याच माणसांना बोलावतो तो नेता. शिबिरांच्या विषयपत्रिकेत 'इतरांवर प्रभाव कसा टाकावा' हे असते, पण 'इतरांना हिशेब कसा द्यावा' हे आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

विद्यापीठांना एवढे ऐकविल्यावर आमची स्वतःची पवारणा केल्याखेरीज हा लेख पुरा करणे अप्रामाणिक ठरेल.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या भोजन समितीत नववीची तीन मुले होती. कोठीत आलेल्या तुरीच्या डाळीची पोती त्यांनी काट्यावर चढवून पुन्हा मोजली. प्रत्येक पोत्यात दोन-तीन किलो डाळ कमी भरत होती. मुलांनी वहीत तशी नोंद केली आणि शनिवारच्या सभेत सर्वांसमोर ती वाचून दाखविली. आम्ही शिक्षकांनी काय केले? वजनाची खातरजमा करण्याआधी मुलांना दटावले. संस्थेची बदनामी होते, अशा गोष्टी आधी गुरुजनांच्या कानांवर घालाव्यात, असे सुनावले. समिती बरखास्त केली. पुढच्या वर्षापासून समितीवर आम्ही निवडलेली 'समंजस' मुले घेतली. काही महिन्यांनी पुरवठादार खरोखरच मापात मारीत असल्याचे ध्यानात आले आणि संस्थेने तो बदलला. परंतु त्या तिघांना बोलावून "तुमचे बरोबर होते" असे आम्ही कधीही म्हटले नाही. दटावणाऱ्यांत प्रस्तुत लेखकाचा आवाज सर्वांत मोठा होता.

त्या तिघांपैकी एकाने त्यानंतर शाळेत असेपर्यंत कोणत्याही सभेत तोंड उघडले नाही. आज मुले विद्यापीठात जाऊन गप्प का होतात, असा प्रश्न आम्ही या लेखाच्या आरंभी विचारला आहे. काही मुलांना गप्प बसावयास आम्हीच शिकविले, हे त्याचे एक उत्तर आहे. ज्या संयोजकाने आमच्या विद्यार्थिनीला खाली बसविले, त्याच्यात आणि आमच्यात त्या शनिवारी काही अंतर नव्हते. त्या तिघांची क्षमा आम्ही या पानावर, सर्वांसमक्ष मागत आहोत. कारण त्यांना दटावले होते तेही सर्वांसमक्षच.

यापुढे काय करावे, याविषयी चार शब्द नम्रपणे सांगावेसे वाटतात. सर्वप्रथम आपल्या शाळेत. विद्यार्थी मंडळ आणि भोजन समिती यांची निवड गुप्त मतदानाने व्हावी, त्यांत मुलींना निम्मे स्थान असावे, आणि मतमोजणी मुलांनीच करावी. समितीच्या हाती नुसते बिल्ले न देता कोठीचा काटा आणि वही द्यावी. वर्षावासाच्या अखेरीस एक दिवस असा ठेवावा, की त्या दिवशी विद्यार्थी मंडळाने मुलांपुढे आणि शिक्षक-अधीक्षकांनीही मुलांपुढे आपल्या कामाचा हिशेब मांडावा. त्या दिवशी मुलांनी जे विचारले त्याबद्दल कोणासही शिक्षा होणार नाही, असा नियम भिंतीवर लिहून लावावा. पालकांना भीती वाटेल, की मुले शेफारतील. आमचा अनुभव असा, की ज्याच्याकडे किल्ली असते तो कुलूप लावण्यास विसरत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण देणग्या देता, वर्धापनदिनाला येता. संस्था आपली ऋणी आहे. आता थोडा वेळही द्या. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत आपल्यापैकी जे स्थिरावले आहेत त्यांनी दरवर्षी तेथे शिकावयास येणाऱ्या आपल्या शाळेच्या मुलांना पहिल्या सहा महिन्यांत तरी महिन्यातून एकदा भेटावे. त्यांना भाषण देऊ नये. अर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी, माहितीचा अधिकार कसा वापरावा, विद्यापीठाच्या कोणत्या मंडळात विद्यार्थ्यांना स्थान आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडतो, हे त्यांच्यासोबत बसून दाखवावे. जे प्राध्यापक आहेत, अधिसभेवर आहेत, त्यांनी दोन गोष्टींसाठी आग्रह धरावा: कायद्यातील विद्यार्थी निवडणुका नियमांच्या चौकटीत घेतल्या जाव्यात, आणि नेतृत्व शिबिरांची निवड मराठीतून, प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या आधारे व्हावी. कमवून शिकणाऱ्या मुलाची शिबिराच्या दिवसांची कमाई बुडणार नाही, एवढी सोयही व्हावी. शिबिरात विद्यार्थ्यांचा जो खरा प्रश्न उभा राहील तोच त्या शिबिराचा पाठ मानावा.

पालकांना एवढेच सांगावयाचे, की मुलगी सुट्टीत घरी येऊन प्रश्न विचारू लागली तर तिला उद्धट समजू नका. शाळेला पाठविताना आपण तिच्यासाठी जे मागितले होते, त्यातलेच ते आहे.

भोजन समितीतील त्या तिघांपैकी एकजण आज एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, असे कळते. या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला त्याने अवश्य यावे. कोठी तीच आहे, काटा मात्र नवा घेतला आहे. पहिले पोते त्याने आमच्यासमोर मोजावे आणि वजन मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, अशी आमची इच्छा आहे.

जय भीम.